खोट काढावी, ही विनंती

टुटलिंगेन,
ता. ११ फेब्रुवारी १९५२

॥ प्रभूची कृपा ॥

चि. सौ. माथिल्डा हिस रोझीनाताईचे आशीर्वाद आणि सोबत लोकरीचे पायमोजे. आशीर्वाद ताजे आहेत, मोजे यांच्या जुन्या स्वेटरची लोकर उसवून केलेले आहेत.

तुझं पत्र पोचलं. सॅनेटोरियमची लापशी पातळ असते, शेजारच्या खाटेवरची बाई घोरते, परिचारिका उत्तरेकडच्या असल्यामुळे कारण नसताना हसतात, हे सगळं सविस्तर लिहून झाल्यावर अगदी शेवटी, समासात, तू लिहिलंस की डाव्या फुप्फुसाचा खालचा भाग कापून काढायचा आहे. बाई गं, महत्त्वाचं आधी लिहावं असं शाळेत आपल्याला शिकवलं होतं. लापशी थांबली असती.

त्याच टपालानं तुमच्या प्रोफेसर लोरेन्झेन यांचं पत्र आलं, यांच्या नावे. म्हणजे तू पडल्यापडल्या त्यांच्या कानावर घातलंस, की माझे भावोजी टुटलिंगेनला शस्त्रक्रियेची हत्यारं घडवतात. या गावात दगड भिरकावला तर हत्यारं घडवणाऱ्यालाच लागतो, पण ते असो. प्रोफेसर लिहितात, की छाती उघडल्यावर दोन बरगड्या एकमेकींपासून दूर धरून ठेवायचं जे हत्यार त्यांच्याकडे आहे, ते गोदीतल्या हमालांच्या मापाचं आहे. किडकिडीत बाईला लावलं की बरगड्या मोडतात. मागे एकीच्या मोडल्या, त्यामुळे तिला खोकता येईना, खोकता येईना म्हणून कफ साठला. पुढचं त्यांनी लिहिलेलं नाही. तुझी चण पाहून ते हत्यार लावायचा त्यांना धीर होत नाही. तर अरुंद पात्यांचं, हळूहळू उघडणारं लहान हत्यार करून मिळेल का, आणि उन्हाळा सरायच्या आत मिळेल का. कारण नव्या इंजेक्शनांचा गुण फार महिने टिकत नाही, आणि तो ओसरला की दुखणं उजवीकडेही जाईल, मग कापण्यासारखं काही उरणार नाही.

सोबत त्यांनी स्वतः काढलेलं चित्र होतं. ते पाहून हे म्हणाले, की प्रोफेसरांनी सुरी धरावी, पेन्सिल धरू नये. मग ते चित्र घेऊन कारखान्यात गेले ते जेवायला हाक मारली तरी आले नाहीत. यावरून काय समजायचं ते समज.

तुझे हेनिंगराव बोटीवरून पत्रं पाठवतात, का नुसते पैसे? आमच्या बायबल-बैठकीत तुझ्यासाठी प्रार्थना झाली. शेजारच्या ऑयगेनीबाईंनी ती जरा लांबवली, बटाटे करपले.

लोभ आहे तेवढा आहे, वाढवून सांगत नाही.

तुझी ताई,
रोझीना

•

सॅनेटोरियम, हॅम्बुर्गच्या बाहेर,
ता. २३ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस माथिल्डाचा साष्टांग नमस्कार. साष्टांगच, कारण इथे दिवसभर आडवंच ठेवतात.

मोजे मिळाले. एक हिरवा, एक करडा. डावा-उजवा चुकायची भीतीच नाही, किती विचार केलास!

आम्हाला गोधड्यांत गुंडाळून उघड्या गॅलरीत ओळीनं निजवतात, खाऱ्या मासळीसारखं. शेजारच्या वुबेनाबाई आता घोरणं सोडून गप्पा मारतात, त्यापेक्षा घोरणं बरं होतं. माझ्या खाटेवर आधी कोण कोण होतं आणि त्यांचं पुढे काय झालं, हा त्यांचा आवडता विषय. ज्या बाईच्या बरगड्या मोडल्या, ती याच खाटेवर होती. चादर बदलली आहे, असं त्यांनी मला दिलाशासाठी सांगितलं.

प्रोफेसर मात्र देवमाणूस. ते फेरीला आले की सगळं सुंदर असतं. उशी सुंदर, हवा सुंदर, परिचारिकेची टोपी सुंदर. माझा एक्स-रे उजेडात धरूनसुद्धा आधी सुंदर म्हणाले आणि मग चष्मा पुसून तो पुन्हा पाहिला. शिंप्यानं माप घ्यावं तशा त्यांनी माझ्या बरगड्या चाचपल्या आणि सहाय्यकाला सांगितलं, की इथे माझं बोटसुद्धा अवघडून बसतं. वाटणीत तुला आईचं घर आलं आणि मला आईची अरुंद छाती. तक्रार नाही, आठवण म्हणून लिहिलं.

भावोजींना म्हणावं, सावकाश होऊ द्या. मला कुठे जायचंय? ताई, खरं सांगू, जायचं नाहीये म्हणूनच घाई आहे.

लोभाला पोस्टाचं तिकीट लागत नाही, तेव्हा थोडा वाढवायला हरकत नसावी.

तुझी
माथिल्डा

•

टुटलिंगेन,
ता. ३ एप्रिल

॥ प्रभूची कृपा ॥

चि. सौ. माथिल्डा हिस आशीर्वाद. तुझा ताप उतरला हे वाचलं. इकडचं विशेष म्हणजे आम्ही बरगड्या खात आहोत.

हे खाटकाकडून डुकराच्या बरगड्यांचे सबंध पिंजरे आणतात, त्याला हत्यार लावतात, हँडल फिरवतात आणि दाराला कान लावणाऱ्या शेजारणीसारखे कान लावून ऐकतात. कट्‌ असा आवाज आला, की तो पिंजरा माझ्या स्वयंपाकघरात येतो. रस्सा झाला, भाजून झालं, मसुरीत घालून झालं. गुड फ्रायडेला मांस चालत नाही, तर खिमा करून माउलटाशेनच्या पुरचुंड्यांच्या पोटात लपवीन. पिठात गुंडाळलेलं देवाला दिसत नाही अशी आपल्या गावची पिढ्यान्‌पिढ्या समजूत आहे. माझी तशी समजूत नाही, पण मांस टाकून द्यावं असंही त्यानं कुठे सांगितलेलं नाही.

पहिल्या हत्याराची पाती बरगडीला चावत. दुसऱ्याचे दाते घसरत. हत्याराचा उघडलेला हात फाटकन मागे येई, आणि यांचं बोट त्यात सापडलं तेव्हा जे शब्द निघाले ते पवित्र ग्रंथात सापडणार नाहीत. मग खाटकानं अक्कल शिकवली, की डुकराची बरगडी ती डुकराची, बाईची ती बाईची. यांना ते पटलं. मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर कुशीवर निजवलं आणि पुठ्ठ्याचे तुकडे कापून बरगड्यांमधली जागा शोधू लागले. पुष्कळ शोधलं. शेवटी म्हणाले, की तुझ्या आत बरगड्या आहेत हे देवासारखंच विश्वासानं मानावं लागेल.

राहिल्या ऑयगेनीबाई, तुझ्याच चणीच्या. विचारायचं काम अर्थात माझ्याकडे. त्या आल्या, कोट अंगात तसाच ठेवून आमच्या सोफ्यावर कुशीवर निजल्या, डोळे मिटले आणि मृत्युछायेच्या दरीचं स्तोत्र मोठ्यानं म्हणू लागल्या. हे तांबडेलाल. पुठ्ठे घामानं मऊ झाले. माप घेऊन झालं तेव्हा बाईंनी डोळे उघडून विचारलं, की एवढंच का?

आता तिसरं झालं आहे. दाते इतके बारीक, की हँडलच्या एका फेऱ्याला जेमतेम फट वाढते, आणि हात काढला तरी आहे तिथेच थांबून राहतं. पात्यांच्या कडा गोल, सुईणीच्या बोटांसारख्या. कसं झालंय म्हणून मी विचारलं. हे म्हणाले, अगदीच टाकाऊ नाही. लग्नानंतर यांच्या तोंडून इतकं मोठं बोलणं मी पहिल्यांदाच ऐकलं, म्हणून तुला कळवते.

ईस्टर झाल्यावर पार्सल निघेल. दोरी जपून सोड, पुन्हा उपयोगी पडते.

आहे तसा लोभ ठेवून आहे,
ताई

•

सॅनेटोरियम,
ता. २ मे

ती. सौ. ताईस नमस्कार. आज सगळं उलटसुलट लिहीन, ते तापानं नव्हे, आनंदानं.

पार्सल आलं. प्रोफेसर ते हातात धरून वॉर्डभर फिरले, बाळंतघरात बाळ दाखवत फिरावं तसे. आम्हा सगळ्याजणींना दाखवलं. वुबेनाबाईंनीसुद्धा एकदाच, पण मान डोलावली. मग त्यांनी शवागारात सराव केला, सगळ्या चादरी-गॉझसकट, खऱ्या शस्त्रक्रियेसारखा. बरगड्या जागच्या जागी, शाबूत. चौदा मे ही माझी तारीख ठरली. भावोजींना त्यांनी चांगलं पानभर पत्र लिहिलंय. मला वाचून दाखवलं आणि मला रडू आलं. आपल्या घरातल्या कुणाबद्दल इतकं चांगलं कुणी लिहिलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

दोरी जपून ठेवली आहे. ती इतक्या तुकड्यांची आहे, की गाठी सोडवण्यात दुपार बरी गेली.

लोभ करावा, प्रार्थना त्याहून जास्त करावी.

माथिल्डा

•

टुटलिंगेन,
ता. १३ मे

॥ प्रभूची कृपा ॥ (आहे असं धरून चालते.)

चि. सौ. माथिल्डा हिस आशीर्वाद. हे पत्र पोचण्याआधी यांची तार तुमच्या प्रोफेसरांना पोचलेली असेल. तू रागावशील, पण आधी ऐकून घे.

प्रोफेसरांचं पत्र आम्ही जेवायला बसलो असताना आलं. त्यात अद्वितीय होतं, देखणं होतं, कलाकृती होतं, आणि आपल्या हातांना वंदन असंही काहीतरी होतं. हे तिसऱ्या ओळीपर्यंत गेले आणि चमचा खाली ठेवला. चेहरा पांढरा. मला म्हणाले, की यात मोठी खोट आहे.

तू गाव सोडून बरीच वर्षं झाली. आपल्याकडे अद्वितीय हा शब्द थडग्यावर कोरतात, जिवंत माणसाला कुणी म्हणत नाही. मागच्या साली चर्चच्या म्हाताऱ्या वादकाची पाद्रीसाहेबांनी अशीच तोंडभरून स्तुती केली, आणि पुढच्या रविवारी पेटीवर दुसराच बसला होता. यांना कारखान्यात घेणाऱ्या त्यांच्या उस्तादांनी हयातीत यांना एकदाही चांगलं म्हटलं नाही. ज्या दिवशी काही बोलले नाहीत तो दिवस सणाचा. आणि हे प्रोफेसर, पानभर साखर! हे म्हणतात, हत्यार आवडलेलं माणूस लिहितं की दोन आणखी पाठवा. पानभर साखर लिहितो तो, ज्याला ते परत करायचंय आणि तोंड चुकवायचंय. एवढ्या पत्रात एक दोष नाही, म्हणजे जो आहे तो लपवलेला आहे.

मी म्हटलं, थांबा, दोन दिवस जाऊ द्या. पण खरं लिहिते, मलाही शंका आलीच. पाद्रीणबाईंनी माझ्या केकची फार तारीफ केली होती तेव्हा मीदेखील घरी येऊन उरलेला केक कोंबड्यांना घातला होता. आणि हे शेवटी म्हणाले, की ज्या हत्यारातली खोट मला ठाऊक नाही, त्याखाली मी माथिल्डाला निजू देणार नाही. लगेच पोस्टात गेले आणि तार केली: वापरू नये, परत पाठवावं.

तूर्त एवढंच. धीर धर.

ताई

•

सॅनेटोरियम,
ता. १६ मे

सौ. रोझीना हिस,

ती. वगैरे आज राहू दे.

चौदा तारखेला मला पहाटे उठवलं, धुतलं, पुसलं, पोट रिकामं केलं. मी माझी स्तोत्रं म्हणून घेतली, हेनिंगला पत्र लिहून उशीखाली ठेवलं, वुबेनाबाईंनी माझा हात हातात घेतला. म्हणजे किती गंभीर प्रसंग होता बघ. आणि मग प्रोफेसर आले. अतिशय सुंदर शब्दांत त्यांनी सांगितलं, की रात्री तार आली, हत्यार परत पाठवावं लागतंय, ज्यानं घडवलं त्याचाच भरवसा नसेल तर मी कसं लावू? जुनं लावू का, असं त्यांनी मला विचारलं. वुबेनाबाईंनी माझा हात घट्ट दाबला. मी नाही म्हणाले.

तेव्हापासून रोज संध्याकाळी अंग गरम होतंय. इंजेक्शनांचा गुण ओसरत चालला असावा, असं सहाय्यक म्हणाला. तो तरुण आहे, त्याला अजून सुंदर बोलता येत नाही. जुलैत प्रोफेसर परदेशी जाणार आहेत. तेव्हा भावोजींना म्हणावं, माणसानं चांगलं म्हटल्याबद्दल तार करून सूड घ्यायची पद्धत जगात फक्त आपल्या गावात असेल. अभिनंदन. नाही, चुकले. अभिनंदनानं घाबरतील.

आणि तू! केक कोंबड्यांना घातलास ते मला अभिमानानं लिहितेस? मी शाळेत पहिली आले तेव्हा तू काय म्हणाली होतीस, आठवतं? रस्सा खारट झालाय. माझ्या लग्नात म्हणालीस, की बुटाची टाच झिजलीये. उत्तरेत आल्यावर मला पहिल्यांदा कुणीतरी चांगली म्हणालं, आणि मी त्याच्याशीच लग्न केलं. मग कळलं की इथे सगळ्यांनाच म्हणतात. तरी ऐकायला बरं वाटतं, ताई. मरायच्या आधी आपल्या माणसाकडून एकदा ऐकावंसं वाटतं.

माथिल्डा

•

टुटलिंगेन,
ता. २५ मे

॥ प्रभूची कृपा ॥

चि. सौ. माथिल्डा हिस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. परत वाचलं. रस्सा खारट होताच. बाकीच्याचं उत्तर मला पत्रात लिहायला येत नाही.

हत्यार परत आल्यापासून हे घरात माणसासारखे नाहीत. सगळं सुटं करून पाहिलं, भिंगातून दाते पाहिले, पाती उकळली, थंड केली, पुन्हा उकळली, खाटकाला पुन्हा श्रीमंत केलं. खोट सापडत नाही. दुसऱ्या माणसाला याचा आनंद झाला असता. हे म्हणतात, सापडत नाही म्हणजे फार खोल आहे. मी म्हटलं, कदाचित नसेलच. माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू देव नसेलच असं म्हटलं.

तेव्हा मी सरळ प्रोफेसरांना लिहिलं. मी जन्मात कुठल्या प्रोफेसराला पत्र लिहिलेलं नाही, त्यामुळे आडपडदा ठेवायचा असतो का ते मला ठाऊक नाही. लिहिलं, की आपण स्तुती करून आमच्या घराचं फार नुकसान केलं आहे. तरी हत्यारात जी काही खोट असेल ती काढावी, ही विनंती. माझ्या नवऱ्याला चार कडक शब्द लिहून पाठवावेत, म्हणजे ते पुन्हा जेवू लागतील आणि हत्यार सोडतील. मात्र एक अट घातली. प्रत्येक दोष खरा असला पाहिजे. नवऱ्याला खोटं सांगणं माझ्या धर्मात बसत नाही. खरं मागवून घेणं बसतं.

आता काम तुझं. हा तुमचा उत्तरेकडचा गृहस्थ, त्याला रागावता येणार नाही. त्याला शिकव. तू आपल्या घरात वाढली आहेस, इतकं तर तुला येत असेल.

ताई

•

सॅनेटोरियम,
ता. ५ जून

ती. सौ. ताईस नमस्कार. (ती. परत दिलंय.)

तुझं पत्र घेऊन प्रोफेसर माझ्या खाटेशी येऊन बसले, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे. मला म्हणाले, की मी आयुष्यात कुठल्या कारागिराला दुखावलं नाही, आता कसं दुखवायचं? पहिला मसुदा दाखवला. त्यात होतं, की आपली हरकत नसेल आणि सवड असेल तर, या मनोहर हत्याराबाबत एक नगण्य विचार मांडण्याची परवानगी मिळावी. मी म्हटलं, हे वाचून भावोजी विष घेतील.

मग मी त्यांना विचारलं, खरंखुरं सांगा, सराव करताना एकदाही मनात शिवी आली नाही? ते लाजले. अगदी गालांपर्यंत. आणि सांगितलं. ताई, भावोजींचं हत्यार फाकल्यावर त्याचं हँडल आडवं बाहेर राहतं, आणि ते बरोबर भूल देणाऱ्या डॉक्टरच्या बाहीच्या वाटेत येतं. सरावात एकदा बाही अडकली होती. मढं होतं म्हणून बिघडलं नाही. मी म्हटलं, मग हे पत्रात का नव्हतं? म्हणाले, इतकी सुरेख वस्तू आणि त्यात हँडलचं काय काढायचं, त्यांना वाईट वाटेल. मी भूल देणाऱ्यालाच जरा अंग चोरून बसायला सांगणार होतो.

अंग चोरून! माझी छाती उघडी, आणि सगळी भिस्त एका माणसाच्या अंग चोरण्यावर, का तर टुटलिंगेनला कुणाला वाईट वाटू नये! मी जे काही बोलले ते वुबेनाबाई अजून वॉर्डात सांगत असतात. त्या गृहस्थानं खाली मान घालून ऐकलं, आणि मग म्हणाले, की तुम्ही सांगाल ते लिहून घेतो.

सोबत त्याची नक्कल पाठवत नाही, कारण मूळ पत्र तुझ्या स्वयंपाकघरात उघडेल. अट पाळली आहे. सगळं खरं आहे, पार्सलच्या दोरीसकट.

भावोजींची खोट शोधायची चिकाटी वेडेपणाच होती, असं मी अजूनही म्हणते. फक्त जरा हळू आवाजात.

लोभाचं तू बघ, ताप रोजचाच आहे.

माथिल्डा

•

टुटलिंगेन,
ता. १४ जून

॥ प्रभूची कृपा ॥

चि. सौ. माथिल्डा हिस आशीर्वाद.

पत्र आलं. प्रोफेसर लिहितात, की हँडल गाढवपणाचं आहे. ज्यानं घडवलं त्यानं ऑपरेशनच्या टेबलाभोवती माणसं उभी असतात हे ध्यानात घेतलेलं दिसत नाही. दोरी भिकाऱ्याच्या झोळीतली वाटते. बाकीचं हत्यार चालवून घेता येईल, पण उन्हाळ्याभर वाट पाहायला इथे कुणी रिकामं बसलेलं नाही. यांनी ते उभ्यानं वाचलं. मग खाली बसून वाचलं. मग मला म्हणाले, की हा माणूस शहाणा आहे, उगाच नाही प्रोफेसर झाला. दोन ताटल्या स्पेट्झले खाल्ले आणि शिट्टी वाजवत कारखान्यात गेले. रविवार असता तर मी शिट्टीला हरकत घेतली असती.

दोरीचा उल्लेख कुणी घातला ते मला कळलं आहे. ते जमेस धरून ठेवलं आहे.

हँडलला आता बिजागरी बसवली आहे. काम झालं की ते पात्याच्या बाजूला मिटून पडतं, चाकू मिटावा तसं. यांनी माझ्या जाड गाउनची बाही त्यावरून शेकडो वेळा ओढून पाहिली. बाही अडकली नाही, फाटली मात्र. पार्सल काल गेलं, नव्या दोरीनं. दुकानातून विकत आणलेल्या. आता तरी हस.

तारीख कळव. त्या दिवशी जिना-रस्ता झाडायच्या पाळीची पाटी आमच्या दारावर असली तरी मी चर्चमध्ये बसणार आहे. ऑयगेनीबाईंना हवं तितकं लांबवू देईन.

ताई

•

सॅनेटोरियम,
ता. ९ जुलै

ती. सौ. ताईस नमस्कार. अक्षर वाकडं आहे, कारण बसून लिहिलंय. हो, बसून.

शुद्धीवर आले तेव्हा पायाशी प्रोफेसर उभे होते. माझ्याकडून शिकलेलं विसरले नव्हते. म्हणाले, की फुप्फुसाचा काढलेला तुकडा अत्यंत ओंगळ होता आणि तो इतके दिवस बाळगल्याबद्दल मला लाज वाटली पाहिजे. मग त्यांनाच राहवलं नाही, डोळे पुसत बाहेर गेले. बरगड्या शाबूत आहेत, सगळ्या. उशी पोटाशी धरून खोकते. दुखतं इतकं, की देवाचं नाव आणि दुसरंही काही तोंडात येतं. पण खोकता येतं, ताई. दर वेळी मला ती आधीची बाई आठवते, जिला आलं नाही. दोन दिवस ताप नाही. प्रोफेसरांनी तसलंच आणखी एक हत्यार मागवायचं ठरवलं आहे, आणि भावोजींना फक्त एवढंच लिहिणार आहेत, की आणखी एक पाठवा.

ऑगस्टात घरी सोडतील, घरी बघणारं कुणी असलं तर. हेनिंगची बोट दक्षिण अमेरिकेत आहे, शरदाआधी येत नाही. आमचं बिऱ्हाड चौथ्या मजल्यावर, मला अजून पलंग उतरता येत नाही. कुणी नसलं तर इथेच ठेवतील, वुबेनाबाईंच्या शेजारी. त्या म्हणतात, बऱ्या झालेल्या बायकाही त्यांनी पाहिल्या आहेत, पुन्हा येताना.

हे मागणं म्हणून लिहीत नाही. तुझं घर, तुझी शेंगांची साठवण, तुझी झाडलोट, भावोजींचं दुपारचं गरम जेवण, सगळं मला ठाऊक आहे. नुसतं कळवलं.

माथिल्डा

•

टुटलिंगेन,
ता. १३ जुलै

॥ प्रभूची कृपा ॥

चि. सौ. माथिल्डा हिस आशीर्वाद.

अक्षर भयंकर आहे. बरगड्यांचं वाक्य वाचून हे कारखान्यात गेले ते पत्र घेऊनच. परत आलं तेव्हा त्यावर तेलाचे डाग होते आणि घडी दोनदा नवी घातलेली होती. 

शेंगा यंदा ऑयगेनीबाई खारवतील. त्यांचं मीठ नेहमी कमी पडतं, चालवून घेऊ. झाडलोटीची पाटी त्यांच्या दारावर टांगली आहे. यांचं दुपारचं जेवणही त्यांच्याकडेच. हे कुरकुरले नाहीत, याची मी नोंद घेतली आहे.

काल स्टेशनवर गेले होते. जाण्यायेण्याचं तिकीट एकदम काढलं की बरंच स्वस्त पडतं. खिडकीतल्या माणसानं मला ते नीट समजावून सांगितलं, जणू मला ठाऊकच नव्हतं, आणि परत कधी येणार ते विचारलं. मी म्हटलं, माझी बहीण चार जिने आपल्या पायांनी चढेल तेव्हा. तो म्हणाला, अशी तारीख तिकिटावर घालता येत नाही.

तेव्हा मी नुसतं जाण्याचंच काढलं आहे.

बाकी समक्ष.

ताई